अर्ध्या इंचाचा चमत्कार

"वाढला! अर्धा इंच वाढला!"

बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये दीडशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले. पोस्टमन स्टुलावर उभा होता, उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, आणि स्वतःचा दंड असा न्याहाळत होता की जणू तो शेजाऱ्याकडून मागून आणलाय. पुढच्या रांगेतला बेकरीवाला ओरडला, "अहो, आकडा सांगा, आकडा!"

"अर्ध्या तासापूर्वी सव्वाअकरा होता. आता पावणेबारा!" टेप उंच धरून सांगितलं गेलं, आणि टाळ्यांनी पत्रे हादरले.

सांगणारा मीच होतो. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे मी हिरवे गुरुजींची टिंगल करणार आहे, ती वाचताना एवढं लक्षात असू द्या की त्या टिंगलीत माझाही अर्धा वाटा आहे.

मी शिंपी. आमच्या गल्लीत मला तोंडावर 'मास्तर' म्हणतात आणि पाठीमागे 'शंकासुर'. कुणी फुंकर मारून पाणी दिलं, कुणी तळहात बघून भविष्य सांगितलं, की मी मशीन थांबवून विचारायचो, "पुरावा काय?" मला स्वतःच्या या सवयीचा फार अभिमान होता. दुकानात गिऱ्हाइकांना मी ऐकवायचो, "माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच करून ठेवली होती, फक्त मला ती अजून लागू व्हायची होती.

हिरवे गुरुजी हे नाव लोकांनीच दिलेलं. सदरा हिरवा, पॅन्ट हिरवी, चष्म्याच्या दांड्या हिरव्या. घामही हिरवाच येतो की काय अशी मला शंका होती, पण त्यांना घाम कधी आलाच नाही, कारण व्यायाम फक्त दुसऱ्यांनी करायचा. दर रविवारी सकाळी नऊला लोक जमत. वीस मिनिटं डंबेल्स, ज्यांना ते पेलत नाहीत त्यांना पाण्याने भरलेल्या बाटल्या. मग प्रत्येकाच्या हाती ग्लासभर हिरवं पाणी, आणि गुरुजींचं तोंड सुरू.

"व्यायाम संपला, की स्नायूचं दार उघडतं! किती वेळ? फक्त अठरा मिनिटं! तेवढ्यात आत शिरेल तो राजा, बाकीचे सगळे दारातले भिकारी! तुमची डाळ? ती पोटात पाय मोडून बसते. तुमचं सोयाबीन? त्याला दाराचा पत्ताच सापडत नाही. माझ्या भुकटीत मात्र सात वेलींचं प्रथिन आहे, निव्वळ प्रथिन! आणि वेलीचा स्वभाव काय?"

"चढणं!" हॉल एका सुरात.

"चढणं! सरळ दंडावर चढते!"

पी हळद अन् हो गोरी, म्हणतात ना, तो हा प्रकार. पण लोक हसत नव्हते, कारण गुरुजी म्हणत, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मास्तरांच्या टेपवर ठेवा."

एके दिवशी हा माणूस हिरव्या कोटाचं कापड घेऊन माझ्या दुकानात आला होता. माप देता देता म्हणाला, "तुमच्याबद्दल ऐकलंय. तुमचा कशावरच विश्वास नाही म्हणतात. मला नेमका असाच माणूस हवाय. रविवारी या, तुमची टेप आणा. खोटं निघालं तर चारचौघांत सांगा." मी गेलो ते त्याला उघडं पाडायलाच. व्यायामाआधी दहा जणांचे दंड मोजले, माझ्या मापांच्या वहीत लिहिले. नंतर मोजले, तर सगळ्यांचे वाढलेले. कुणाचा तीन सूत, कुणाचा चार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आम्हा शिंप्यांना एका सुताची चूकसुद्धा सलते. मी तीनदा मोजून पाहिलं. आकडा हलेना.

त्या क्षणी मी विचारायला हवं होतं, 'हे दुसऱ्या कशाने होतं का?' मी विचारलं नाही. कारण दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवत होतं. दुसऱ्या रविवारी माझ्यासाठी हात असलेली खुर्ची ठेवली होती. मी त्या खुर्चीत बसलो, आणि शंकासुर तिथेच मेला.

व्यासपीठावर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे गुरुजी दर रविवारची वाढ लिहीत आणि आधीच्या वाढीत मिळवत. सहा रविवारांत पोस्टमन तीन इंचांवर पोचला.

आता ताईबद्दल सांगतो. तिच्यामुळेच हे सगळं लिहायला बसलो आहे.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताईने दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालत मला वाढवलं, आणि माझ्या पहिल्या कात्रीला धारही तिनेच लावून आणली. मी तळमजल्यावर राहतो, पुढे दुकान, मागे घर. ताईची खोली त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. अठ्ठेचाळीस पायऱ्या. वर्षाच्या सुरुवातीला तिला न्यूमोनिया झाला, पाच आठवडे अंथरुणावर गेले, आणि उठली तेव्हा पायांत जोरच उरला नव्हता. तिला माझ्या घरी आणलं. तिची एकच मागणी होती.

"मला माझ्या खोलीत जायचंय रे. तुझी बायको चांगली आहे, तूही बरा आहेस. पण मला माझी खिडकी हवी."

दवाखान्यातल्या फिजिओबाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या. रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, जमेल तशी एकेक पायरी वाढवायची. आणि तिन्ही वेळच्या जेवणात डाळ, वाटाणे, सोयाबीन, शेंगदाणे, यातलं काहीतरी भरपूर. "तीन-चार महिने लागतील," त्या म्हणाल्या. ताई मान डोलावून सगळं करत होती. पायऱ्याही चार झाल्या होत्या.

आणि मी पहिल्याच रविवारी घरी येऊन सांगितलं, पोस्टमन अर्धा इंच, बेकरीवाला अर्धा इंच.

"खरंच वाढतं?" तिने विचारलं.

"मी मोजलंय, ताई."

"तू मोजलंस ना? मग झालं तर."

पुढच्या रविवारी ती रिक्षाने हॉलमध्ये आली. खुर्चीत बसून बाटल्या उचलल्या, हिरवं पाणी प्यायली, आणि तिचा दंड तीन सुतांनी वाढला. मीच ओरडून सांगितलं. गुरुजींनी तिला सांगितलं, की डाळी-कडधान्यांनी दारात गर्दी होते, भुकटीचा डबा विकत न्या, सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी भुकटीच घ्या, आणि पाय दमवू नका, सगळा जोर दंडात जमू द्या. तिने खुर्चीतून उठायचा व्यायाम सोडला. जेवण दुपारचंच, तेही चिमणीएवढं. बायको म्हणाली, "अहो, ताईंचा चेहरा बघा जरा." मी म्हणालो, "चेहऱ्यावर काय जातेस, माप बघ."

पाच आठवड्यांत ताईचा गाऊन मी दोनदा बगलेत आत घेतला. सैल होतोय म्हणाली, म्हणून. टीप मारताना मी म्हणालो होतो, "सडपातळ झालीस की!" ते वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते.

मंगळवारची दुपार होती. मी गुरुजींचा हिरवा कोट शिवत होतो. ताईने मला न सांगता किल्ली घेतली आणि एकटीच जिना चढायला लागली. गुरुजींनी सांगितलं होतं, फळ्यावर दोन इंच पुरे झाले की तुम्ही तयार, आणि त्या रविवारी तिचे ते झाले होते. अकराव्या पायरीवर तिचे गुडघे मुडपले. पडली नाही, कठड्याला धरून खाली बसली, पण मग तिला उठताच येईना. तिने मला हाका मारल्या. माझं मशीन चालू होतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली उतरले तेव्हा त्यांना ती दिसली. पाऊण तास ती तिथे बसून होती, आणि मी खाली त्या माणसाच्या कोटाला अस्तर लावत होतो.

फिजिओबाई संध्याकाळी आल्या. ताईला म्हणाल्या, "हात न टेकता उठा बघू." ताईने दोनदा प्रयत्न केला आणि कसनुसं हसली. बाईंनी सगळं विचारून घेतलं. भुकटीचं कळल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, तुम्ही घरात असताना हे झालं?"

"पण बाई, दंड वाढलाय," मी म्हणालो. अजूनही म्हणत होतो! "मी स्वतः मोजलाय. सगळ्यांचे वाढलेत. पोस्टमनचा तर तीन इंच."

"सहा आठवड्यांत तीन इंच?"

"फळ्यावर आहे."

"बरं. मग त्याच्या गणवेशाच्या बाह्या तुम्ही सैल करून दिल्या असतील."

"नाही," मी म्हणालो.

"बेकरीवाल्याच्या?"

"त्याच्याही नाही."

"दीडशे माणसांचे दंड दोन-दोन, तीन-तीन इंच वाढले, गल्लीत शिंपी तुम्ही एकटे, आणि बाही उसवून द्या म्हणायला एकही माणूस आला नाही?"

एक आलं होतं. ताई. आणि तिचं कापड मी आत घेतलं होतं.

मी मापांची वही काढली. व्यायामाआधीचं माप डावीकडे, नंतरचं उजवीकडे, दर रविवारी मी इमानाने लिहिलेलं. आतापर्यंत आडवं वाचत आलो होतो, आधी आणि नंतर. त्या दिवशी पहिल्यांदा डावा रकाना वरून खाली वाचला. पोस्टमन : सव्वाअकरा, सव्वाअकरा, सव्वाअकरा... सहाही रविवार सव्वाअकरा. बेकरीवाला : जिथे होता तिथेच. ताई : नऊ, नऊला एक सूत कमी, पावणेनऊ, पावणेनऊ, साडेआठ.

सगळं माझ्याच अक्षरात होतं.

"मग तो अर्धा इंच कुठून आला?" मला विचारायलाही लाज वाटत होती.

"तुमच्या त्या दोन इस्त्र्या उचला," बाई म्हणाल्या. जुन्या, लोखंडी, कोळशाच्या इस्त्र्या, आता नुसत्या फळीवर ठेवलेल्या. "गार आहेत ना? आधी दंड मोजा. मग वीस मिनिटं खालीवर करा. काही प्यायचं नाही, थुंकीसुद्धा गिळू नका."

शेवटचं त्या चिडून म्हणाल्या. मी इस्त्र्या उचलल्या. बायको आणि ताई बघत बसल्या होत्या. वीस मिनिटांनी बाईंनी माझीच टेप घेऊन मोजलं. चार सूत. बरोबर अर्धा इंच.

"व्यायाम करणाऱ्या स्नायूकडे रक्त धावतं, त्यात पाणी भरतं, तो फुगतो. तास-दोन तासांत उतरतो. भुकटी प्या, नाहीतर नळाचं पाणी प्या, नाहीतर काहीच पिऊ नका. मास्तर, पोटभर जेवून आलेल्या माणसाच्या कंबरेचं माप तुम्ही घेता का?"

नाही घेत. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेला हा धडा : भरल्या पोटी कंबर मोजायची नाही, दमलेल्या माणसाची छाती मोजायची नाही. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना बाकावर बसवून, पाणी देऊन, श्वास शांत झाल्यावर टेप लावत आलो. आणि त्या हॉलमध्ये घामाघूम दंडाला टेप लावून ओरडत होतो, वाढला!

ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुला हे आधीच माहीत होतं?"

"माहीत होतं, ताई. लक्षात घेतलं नाही."

रविवारी मी हॉलमध्ये गेलो. जाऊ नये असं फार वाटत होतं. माप घ्यायला तब्येत बरी नाही असं कळवून टाकावं, ताईला डाळ खायला घालावी, प्रकरण मिटलं. पण फळ्यावर दीडशे नावं होती, आणि त्यांच्यात ताईसारखी किती होती मला माहीत नव्हतं. फिजिओबाई सोबत आल्या. मी त्या हात असलेल्या खुर्चीत बसलो नाही.

"मी सहा आठवडे तुम्हाला चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "माप बरोबर होतं. वेळ चुकीची होती."

गुरुजी क्षणभरही डगमगले नाहीत. "मास्तरांच्या घरी आजारपण आहे, मन थाऱ्यावर नाही. मित्रांनो, शंकेची लहर आली की वेल कोमेजते! आज टेप अशुद्ध आहे."

"टेप तीच आहे," बेकरीवाला म्हणाला. त्याला मी आदल्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं, पण माणूस पिठात वाढलेला, डोकं ठिकाणावर. "आज मी नुसतं पाणी पितो. बघू वेल चढते का."

त्याच्याबरोबर आणखी नऊ जण पुढे आले. मी आधीची मापं लिहून घेतली, डंबेल्स झाले, नळाचं पाणी पिऊन झालं, मी पुन्हा मोजायला लागलो. तीन सूत. चार सूत. चार. साडेतीन. बेकरीवाला, चार. या खेपेला टाळ्या वाजल्या नाहीत.

"मग माझे तीन इंच?" पोस्टमनने विचारलं.

"तोच अर्धा इंच. सहा वेळा फुगला, सहा वेळा उतरला. फळ्यावर फक्त फुगलेला लिहिला." मी वहीचा डावा रकाना वाचून दाखवला. सव्वाअकरा, सव्वाअकरा, सव्वाअकरा. पोस्टमनने हळूच बाही खाली केली.

बेकरीवाल्याने तोवर व्यासपीठावरचा भुकटीचा डबा उघडून चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली होती. आजवर तो ती पाण्यात कालवूनच प्यायला होता. तो चघळत राहिला, मग कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे मक्याचं पीठ! पुदिन्याचा वास मारलाय नुसता! हे मी बिस्किटांत घालतो!"

"पीठ? सात वेलींच्या सत्त्वाला पीठ म्हणतोस?" गुरुजी गरजले.

फिजिओबाईंनी पिशवीतून आयोडीनची बाटली काढली. बशीत भुकटी घेतली आणि दोन थेंब टाकले. हिरवी भुकटी बघता बघता निळीकाळी झाली. "पिष्टमय पदार्थ असला की असं होतं," त्या म्हणाल्या. "निव्वळ प्रथिन असतं तर झालं नसतं. शाळेत केला असेल हा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी."

आता गुरुजींनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी मोजलं का कधी? मी टेपला हात तरी लावला का? वाढला, वाढला, असं ओरडलं कोण? विचारा यांना!"

आणि ते खरं होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर यातली अर्धी बोंब माझीच होती. लोक गुरुजींवर धावून गेले, ते मागच्या दाराने सटकले, कोट माझ्याकडेच राहिला, हे सगळं झालं. पण माझ्या लक्षात राहिलाय तो तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा. तो काठी टेकत माझ्यापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "आम्ही अडाणी, मास्तर. पण तुम्हाला तर कळतं ना? तुम्ही होतात म्हणून मी आलो होतो." मला त्याच्याकडे बघवलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो. ताई खिडकीशी बसून उकडलेले वाटाणे खात होती.

"ताई, चुकलं माझं. त्या हिरव्या माणसाने..."

"त्या हिरव्यावर माझा विश्वास कधीच नव्हता," ती म्हणाली. "वेल दंडावर चढते म्हणे! मी काय खुळी आहे? मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

मी तिच्या वाटीत आणखी वाटाणे वाढले.

तर आता माझं म्हणणं ऐका, शंकासुराचं नव्हे, त्या खुर्चीत बसलेल्या मूर्खाचं. डाळी, वाटाणे, सोयाबीन, शेंगदाणे यांतून स्नायू बांधला जातो, हे खरं आहे. बाईंनी मला समजावून सांगितलं : वनस्पतीचं प्रथिन निरनिराळ्या गोष्टींमधून घ्यावं, दिवसभरात पुरेसं घ्यावं, आणि त्याला व्यायामाची जोड द्यावी. स्नायूला अठरा मिनिटांचं दार-बिर काही नसतं. व्यायामानंतर दिवसभर, त्याहूनही जास्त वेळ, आत बांधकाम चालू असतं, आणि बाहेरून दिसायला महिने लागतात. इतकी साधी गोष्ट आहे. साधी आहे म्हणूनच तिच्यावर टाळ्या पडत नाहीत. कुणी तुम्हाला आकडा दाखवला, तर आकड्याला नमस्कार करू नका. कधी मोजलं ते विचारा. दुसऱ्या दिवशी मोजलं का, विचारा. न घेणाऱ्याचं मोजलं का, तेही विचारा. आणि मोजणारा माणूस भला आहे, शंकेखोर आहे, आपला सख्खा भाऊ आहे, म्हणून विचारायचं सोडू नका. बुवा-बाबांचं खोटं लवकर पकडलं जातं. भल्या माणसाच्या तोंडून आलेलं खोटं फार दूर जातं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. ताई हात न टेकता बारा वेळा उठते. गेल्या आठवड्यात ती एकतीस पायऱ्या चढली, दोनदा विसावा घेऊन. काल सकाळी, चहाच्याही आधी, तिने दंड पुढे केला. मी टेप लावली. आठ आणि सात सूत. नऊला अजून एक सूत कमी होतं, पण साडेआठच्या वर तीन सूत.

"वाढला," मी हळूच म्हणालो.

ताईने माझ्या हातातली टेप काढून घेतली, नीट गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"बाई दुपारी येणार आहेत. त्यांच्याकडून एकदा मोजून घेते," ती म्हणाली. "राग मानू नकोस."

मी राग मानला नाही.